घरगुती उष्णता पंप जलतापकातील बिघाड

उष्णता पंप जलतापक किंवा हीट पंप वॉटर हीटर हे हवेतील उष्णता शीतकामार्फत टाकीतील पाण्याला देणारे उपकरण आहे. साध्या गिझरप्रमाणे यात पाणी थेट विजेने तापवले जात नाही. त्यामुळे एक युनिट विजेच्या मोबदल्यात साधारणपणे २ ते ४ युनिट उष्णता मिळते. मात्र टाकी तापण्यास काही तास लागतात. ‘यंत्र बिघडले’ या अनेक तक्रारींचे मूळ या संथपणातच असते.

यंत्रातून थंड हवा येणे व बाष्पकाखाली पाणी ठिबकणे हे दोष नव्हेत. हवेतील बाष्प थंड नळ्यांवर जमून ते पाणी तयार होते. थंडीत बाष्पकावर साचलेले हिम वितळवण्यासाठी यंत्र अधूनमधून काही मिनिटे तापवणे थांबवते. तरीही हिमाचा थर वाढतच राहिल्यास हवेचा मार्ग अडलेला, पंखा बंद पडलेला किंवा शीतक कमी झालेला असू शकतो. वीज बंद करून पाने व धूळ काढणे घरी शक्य असते; शीतकाचे काम तंत्रज्ञाचेच, कारण काही यंत्रांत ज्वलनशील प्रोपेन असतो.

पाणी कोमट येत असल्यास प्रथम टायमर व तापमानाची मांडणी तपासावी. वीज वाचवण्यासाठी तापमान फार उतरवणे धोक्याचे आहे: सुमारे २० ते ४५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून साठवलेले पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्याची शिफारस केली जाते.

तापताना पाणी प्रसरण पावते व सुरक्षा झडपेतून थोडे बाहेर पडू शकते. ते सतत वाहत असेल तर झडप सदोष असते किंवा नळाचा दाब अधिक असतो. झडपेची नळी बूच मारून बंद केल्यास टाकीतील वाढता दाब बाहेर पडू शकत नाही व टाकी फुटू शकते.