पाऊस मोप, पण खडकात जागा किती?

बालाघाटहून बैहरकडे जाताना घाट चढला की मँगनीज खाणीचे उकवा लागते. जंगलाने वेढलेल्या या गावात पाण्याची काळजी बोलून दाखवली, तर ठरलेले उत्तर मिळते: ‘आपल्याकडे पावसाला काय कमी?’ पाऊस कमी नाहीच, साठवायला जागा कमी आहे. खाली नाईस, शिस्ट असले टणक खडक आहेत. पाणी राहते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ती जागा भर पावसाळ्यात भरून गेली की पुढचा पाऊस मुरत नाही, नाल्याने निघून जातो. त्यामुळे नुसते शोषखड्डे वाढवून भागत नाही. बोडीत, तलावात पाणी अडवून ठेवले, तर दसऱ्यानंतर विहिरी उतरू लागतात तेव्हा ते हळूहळू खाली झिरपते. शेजारच्या भंडारा-गोंदियाचे मालगुजारी तलाव याच कामाचे. ‘खोलीकरण’ म्हणून त्यांच्यात उभ्या भिंतींचे खड्डे खणणे मात्र मला पटत नाही. गाळ काढा आणि पाळ नीट ठेवा, तेवढे पुष्कळ.

‘बोअर जितका खोल, तितके पाणी जास्त’ हाही लाडका समज. अशा खडकात खोल जाल तशा भेगा बहुधा कमी आणि अरुंद होत जातात. पाणी लागलेच, तर ते कदाचित शेजाऱ्याच्या विहिरीला पुरवणाऱ्या भेगेतलेच असते. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तर बोअरवर शेती करायचीच नाही असे ठरवले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली. तिथला पाऊस इथल्या मानाने अगदीच तुटपुंजा.

धानाच्या बांधीत सतत पाणी उभे हवे, हे अर्धेच खरे. रोवणीनंतरचे काही दिवस आणि फुलोऱ्यात ते हवेच. एरवी फिलिपाइन्सच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने रुळवलेली युक्ती पाहा. 30 सेंमी लांबीच्या पाइपाला खालच्या बाजूने भोके पाडायची, तो बांधीत 20 सेंमी गाडायचा आणि आतली माती काढून टाकायची. पाइपातले पाणी जमिनीखाली 15 सेंमी गेले की मगच पाणी द्यायचे. पाण्यात 30 टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते.

पण म्हणून उभे पाणी म्हणजे नासाडी, असेही नाही. खरिपातली बांधी पाऊस अडवते, त्यातले थोडे मुरवतेही. प्रश्न बोअरवरच्या उन्हाळी धानाचा आहे. हेक्टरी 100 सेंमी पाणी दिले, तर उपसा होतो 1 कोटी लिटर. झिरपलेले काही परत मिळते, उन्हात उडालेले आणि पिकाने घेतलेले गेलेच.

राहिले छताचे पाणी. ते थेट बोअरमध्ये सोडणे पुण्याचे काम समजले जाते. भेगांत गाळणी नसते, घाण सरळ शेजारच्या हातपंपापर्यंत पोहोचू शकते. पहिला पाऊस वाहू द्यावा, पुढचे पाणी वाळू-गिट्टीतून गाळूनच आत घ्यावे. गोठ्याचे आणि युरिया टाकलेल्या शेतातले पाणी बोअरमध्ये कधीच सोडू नये.