श्वास मोजणारे मणी

सुरतच्या गोडादऱ्यातल्या खानदेशी घरांत असो की जळगावात, बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासायचं काम आशाताईकडे, म्हणजे ‘आशा’ आरोग्य कार्यकर्तीकडे, असतं. ही पद्धत सरकारने २०११ पासून देशभर नेली. तिचं संशोधन मात्र कुठल्या वैद्यकीय महाविद्यालयात झालेलं नाही. ते केलं गडचिरोलीच्या ‘सर्च’ या स्वयंसेवी संस्थेने.

संस्थेचे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. तुलनेसाठी ४७ गावं होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी भरला. ‘लॅन्सेट’ने १९९९ मध्ये हे छापलं.

त्याआधी मुलांच्या न्यूमोनियावर काम झालं होतं. सुईणींना मोठे आकडे मोजता येत नसत, म्हणून मण्यांचा श्वासमापक आला. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. एका मिनिटाच्या वाळूच्या घड्याळातली वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया! यंत्र म्हणावं तर खेळण्यासारखं, पण निदान बहुतेकदा बरोबर.

काम बाळांपुरतं नव्हतं. याच संस्थेने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. पूर्वी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला.