राशनचे किट आणि हक्काचा कागद

रमजानचा तिसरा अशरा लागला की किनवटमध्ये आमच्या मोहल्ल्यातील मदरशाच्या ओट्यावर पोत्यांची रांग लागते. गव्हाचे पीठ, तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, शेवया, खजूर. तरावीहनंतर मुले पिशव्या भरतात, आम्ही यादी वाचतो आणि सहरीच्या आधी पिशव्या घरोघर पोहोचतात. आम्ही म्हणजे सात-आठ जण. तीन शिक्षक, एक किराणा दुकानदार, एक टेलर, एक मेकॅनिक आणि आमच्या घरांतल्या बायका. संस्था नाही, फलक नाही, पावतीपुस्तक नाही. एक वही आहे आणि अल्लाहचा धाक आहे.

या वहीतले एक नाव सलग चार वर्षे होते. गवंडीकाम करणारा नवरा अचानक गेला, पदरात दोन मुले. मोहल्ला त्यांना आपा म्हणतो, आम्हीही तेच म्हणू. चौथ्या वर्षी पिशवी पोहोचवून परत येताना आमच्यातील एका भाभींनी साधा प्रश्न विचारला, "चार साल से किट दे रहे हम. उनका राशन कार्ड किधर है?"

कोणालाच सांगता आले नाही. चार वर्षांत आम्ही त्यांच्या दारात चारदा गेलो होतो, पण हे विचारलेच नव्हते.

वहीतला हिशेब

दुसऱ्या दिवशी भाभी आपांकडे जाऊन बसल्या. आपांचे आणि मुलांचे नाव अजूनही दिराच्या सामाईक कार्डावर होते. चूल वेगळी झाली, पण कार्ड वेगळे झाले नाही. धान्य त्या कार्डावर उचलले जात होते, आपांच्या घरी येत नव्हते. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला कोणी काढलेला नव्हता. "किस को बोलूँ? घर की बात है," असे त्या म्हणाल्या.

आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. आमचे किट साधारण बाराशे रुपयांचे, वर्षातून एकदा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. म्हणजे तिघांचे महिन्याला १५ किलो, वर्षाला १८० किलो. शिवाय संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा स्त्रीला दरमहा १५०० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. पानाच्या एका बाजूला आमचे बाराशे आणि दुसऱ्या बाजूला हे सगळे.

टेलरभाई बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हमारा किट देख के हमीच समझे के काम हो गया."

खरे तेच होते. किट देण्यात चूक नव्हती, आजही देतो. चूक ही होती की पिशवी दारात ठेवली की आमचे मन शांत व्हायचे आणि त्या शांततेमागे आपांचा हक्क चार वर्षे झाकलेला राहिला.

खिदमत झाली, आता इन्साफ?

आपल्या समाजात खिदमत-ए-खल्कची परंपरा फार मोठी आहे, याचा आम्हाला अभिमान आहे. २०२० चा रमजान आठवा. टाळेबंदी होती, मशिदी बंद होत्या, ईदचे नवे कपडे कोणी शिवले नव्हते. त्या काळात इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकात व देणग्यांतून ३६ लाख रुपये उभे केले आणि तिथल्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग करून दिला. २५ मे रोजी, रमजान ईदच्या दिवशी, तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. त्या खाटांवर कोण झोपणार, त्याचा धर्म कोणता, हे कोणी विचारले नाही.

तिकडे अकोल्यात कच्छी मेमन जमातीचे स्वयंसेवक करोनाने गेलेल्यांची प्रेते उचलत होते. नातलग विलगीकरणात अडकलेले किंवा भीतीने दूर राहिलेले. मुस्लिम मयत असेल तर दफन आणि हिंदू मयत असेल तर त्यांच्या रिवाजाप्रमाणे दहन, असे काम या तरुणांनी केले.

पण त्याच उन्हाळ्यात तबलिगी जमातीच्या नावाने सगळ्या समाजाकडे बोट दाखवले जात होते हेही आपण विसरलेलो नाही. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरील गुन्हे रद्द केले आणि संकटकाळात बळीचा बकरा शोधला जातो, असे स्पष्ट शब्दांत म्हटले. न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांचे ते खंडपीठ. आपला नांदेड जिल्हा याच खंडपीठाखाली येतो.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक मोह होतो. वाटते, आपण सेवा करून दाखवू, म्हणजे लोकांचा गैरसमज जाईल. आमच्यातही काहींनी तेव्हा म्हटले की किट वाटतानाचे फोटो टाका. आम्ही नको म्हणालो. घेणाऱ्याची लाज हे एक कारण. दुसरे कारण असे की खिदमत हा आपल्या चांगुलपणाचा दाखला नव्हे. बदनामीविरुद्ध लढायचे तर ते कोर्टात, कायद्याने, इन्साफ मागून लढावे लागते, तसे त्या खटल्यात लढले गेले. भुकेल्याची पिशवी त्या लढाईचे साधन करू नये. पवित्र कुरआनातील सूरह माऊनमध्ये दिखाव्यासाठी नमाज पढणारे आणि साध्या वापरातील वस्तूही शेजाऱ्याला न देणारे एकाच ओळीत उभे केले आहेत, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पाच महिने, एक फाईल

ईद झाल्यावर आपांचे काम हातात घेतले. आधी नगर परिषदेतून मृत्यूचा दाखला. मग सामाईक कार्डातून नावे कमी करून वेगळे कार्ड. मग उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँकेचे पासबुक आणि शेवटी निराधार योजनेचा अर्ज. ऐकायला सोपे वाटते, पण पाच महिने लागले. एका कार्यालयात फाईलच सापडेना. आम्ही पोच घेतली नव्हती, त्यामुळे बोलायला जागा नव्हती. अर्ज पुन्हा केला.

त्या दिवसापासून आम्ही एक नियम केला : पोचशिवाय कागद द्यायचा नाही. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित दाखल्यांना मुदत ठरवून दिली आहे आणि मुदतीत काम झाले नाही तर अपील करता येते. पण पोच नसेल तर मुदत मोजायची कुठून? तरीही अडले तर माहितीचा अधिकार आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३० दिवसांत उत्तर देणे त्यांना बंधनकारक. आरडाओरड करावी लागली नाही, कोणाला शिव्या द्याव्या लागल्या नाहीत. पेन, झेरॉक्स आणि सबर एवढ्यावर काम झाले.

आजीचा प्रश्न

याच फेऱ्यांमध्ये रांगेत एक गोंड आजी भेटल्या. किनवट तालुका म्हणजे सागवानाचे जंगल, पैनगंगेचे खोरे आणि गोंड, कोलाम, आंध, बंजारा वस्त्या. आजी दूरच्या पाड्यावरून पहाटे निघून आल्या होत्या. हातात चुरगळलेला कागद. आमच्यातल्या एकाला त्यांनी ओळखले, कारण त्यांचा नातू आमच्या शाळेत शिकून गेला होता. म्हणाल्या, "गुरुजी, तुमच्या लोकांचं लिवून देता, माझं बी द्या की."

आम्ही फॉर्म भरून दिला. पण संध्याकाळी ओट्यावर यावरून चर्चा झाली. एक बुजुर्ग हाजीसाब म्हणाले, "अपने लोगों का तो पूरा होता नहीं, अब सब का लेकर बैठेंगे क्या?" त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. आमची माणसे मोजकी आणि वेळ त्याहून मोजका.

मौलाना साहेबांनी तेव्हा हिल्फुल फुदूलची आठवण दिली. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) तेव्हा जेमतेम विशीत होते, प्रेषितत्व अजून मिळालेले नव्हते. येमेनकडचा एक परका व्यापारी मक्केत आला. एका बड्या सरदाराने त्याचा माल घेतला आणि पैसे बुडवले. व्यापाऱ्याचे मक्केत ना कबिला, ना नातेवाईक. तो अबू कुबैसच्या टेकडीवर चढून दाद मागू लागला. तेव्हा काही कबिल्यांची माणसे अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी जमली आणि त्यांनी करार केला की मक्केत ज्याच्यावर जुलूम होईल, तो कोणीही असो, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण त्याच्या बाजूने उभे राहू. प्रेषित (स.) त्या करारात सामील होते. पुढे इस्लाम आल्यानंतरही त्यांनी सांगितले की अशा करारासाठी आजही कोणी बोलावले तर मी जाईन.

मौलाना पुढे म्हणाले, "जकातीचे नियम आहेत, ते सूरह तौबामध्ये आठ मदांत सांगितले आहेत, त्यात आपण आपल्या मर्जीने बदल करू शकत नाही. पण कलमेवर कुठला निसाब आहे?"

तेव्हापासून आमची वही दोन भागांत आहे. एक जकातीची. हनफी मसलकात जकात मुस्तहिक माणसाच्या मालकीत देणे, म्हणजे तमलीक, आवश्यक मानले जाते. म्हणून तो पैसा इमारत, यंत्रे, झेरॉक्स यांवर जात नाही. असा खर्च सदका आणि लिल्लाह देणगीतून होतो. शंका असली की आम्ही आलिमांना विचारतो, तुम्हीही विचारा. दुसरा भाग अर्जांचा, तो सर्वांसाठी खुला. हाजीसाबही हल्ली शुक्रवारी असरनंतर येऊन बसतात. त्यांचे उर्दू-मराठी अक्षर आमच्या सर्वांपेक्षा चांगले आहे.

सर्वांत अवघड कागद

आता जे लिहायचे आहे ते लिहावे की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. आपांची परवानगी घेऊनच लिहीत आहोत.

आपांचे कागद काढताना सातबारा पाहिला. सासऱ्यांच्या पश्चात शेत दोन भावांत तोंडी वाटले गेले होते. नवरा गेल्यावर त्याच्या हिश्श्यावर आपांची आणि मुलांची वारस नोंद झालेलीच नव्हती. शरीअतप्रमाणे मुले असताना विधवेचा आठवा हिस्सा आहे आणि बाकीचा मुलांचा. एका यतीम मुलाची आणि एका यतीम मुलीची जमीन तशीच दुसऱ्याच्या हातात होती.

आणि तो दीर दरवर्षी आमच्या किटसाठी सर्वांत मोठा चंदा देणारा माणूस होता.

सरकारी कार्यालयात बोलायला आम्ही घाबरलो नव्हतो, पण इथे जीभ अडखळली. दोन महिने विषय टाळला. कोणी म्हणाले, घरगुती मामला आहे. कोणी म्हणाले, चंदा बंद होईल. पुन्हा भाभींनीच विचारले, "तहसील में इन्साफ माँगते, मोहल्ले में नहीं माँगते?" सूरह निसामध्ये श्रद्धावंतांना न्यायावर ठाम राहण्याचा आदेश आहे, मग तो स्वतःच्या, आईबापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. ही आयत आपण भाषणात ऐकतो, पण आपल्याच माणसासमोर उभे राहून ती पाळणे किती जड जाते, हे आम्हाला तेव्हा कळले.

मौलाना आणि आमच्यातील दोघे दिराकडे गेले. तो चिडला, त्या वर्षी चंदा आला नाही, सलाम-दुआ तुटली. किटची संख्या घटली आणि काही घरांना आम्हाला नाही म्हणावे लागले. त्याचे दुःख आहे. वर्षभराने दिराने राहत्या घराच्या दोन खोल्या आपांच्या नावे करून दिल्या. शेताच्या वारस नोंदीचा अर्ज दिला आहे, पोच आहे, निकाल अजून नाही. ते मिटले असे आम्ही सांगणार नाही.

पुढच्या रमजानआधी

शासनाकडे मागायचे खूप आहे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने आपल्या मागासलेपणाचे आकडे देशापुढे ठेवले. २०२२ मध्ये अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती बंद झाली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलांना त्याची झळ बसलेली आम्ही पाहिली. या गोष्टींवर निवेदने द्यावीत, संविधानाच्या मार्गाने आवाज उठवावा. पण दलित, आदिवासी, शेतकरी बांधवांच्या प्रश्नावर आपण त्यांच्या रांगेत उभे असू, तर आपल्या प्रश्नावर तेही येतील. आणि आपल्याच घरातील बहिणीचा, विधवेचा, यतीमाचा हिस्सा चोख असेल तर आपल्या निवेदनाला वजन येईल.

वाचक बंधू-भगिनींनो, एवढेच सुचवतो. यंदा किटची यादी कराल तेव्हा नावापुढे तीन रकाने जास्त आखा : राशन कार्ड आहे का, पेन्शनचा अर्ज केला आहे का, वारसाहक्काचा हिस्सा मिळाला आहे का. विचारण्याचे काम बायकांनी करावे, कारण दाराआडचे दुःख त्यांनाच सांगितले जाते. मोहल्ल्यातील दहावी-बारावीच्या मुलांना फॉर्म भरायला बसवा, त्यांनाही कळेल की शिक्षण कशासाठी असते.

गेल्या रमजानला आपांचे नाव आमच्या वहीत घेणाऱ्यांच्या यादीत नव्हते. सत्ताविसाव्या रोजाला त्या स्वतः ओट्यावर आल्या. ओढणीच्या गाठीतून दोनशे रुपये काढून म्हणाल्या, "मेरी तरफ से किसी के किट में शेवया डालो." आम्ही नाव लिहिले, पण या वेळी देणाऱ्यांच्या पानावर.

अल्लाह आपल्या सर्वांना देण्याची आणि हक्क पोहोचवण्याची तौफिक देवो. आमीन.