पंचवीस रुपयांची कव्वाली आणि पंचावन्न किलोमीटरचा चेहरा

१९४५ सालच्या ‘झीनत’ या चित्रपटात बायकांची एक कव्वाली आहे. आवाज नूरजहाँ, जोहराबाई अंबालेवाली आणि कल्याणी यांचे. पडद्यावर मुलींचा घोळका बसलेला, आणि त्यात सोलापूरची एक बारा-तेरा वर्षांची मुलगी. पुढे ‘आरपार’ची नायिका झालेली श्यामाही त्याच घोळक्यात होती. सोलापूरच्या या मुलीला त्या कामाचे २५ रुपये मिळाले.

पंचवीस रुपये म्हणजे तेव्हाचे ४०० आणे. कव्वाली पाच मिनिटांची धरली तर ३०० सेकंद. म्हणजे पाऊण सेकंदाला एक आणा. आणखी खोलात जाऊ. बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो, म्हणून ३०० सेकंदांत ७,२०० चौकटी होतात. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे असत, २५ रुपयांचे १,६००. एका पैशाला साडेचार चित्रं पडली.

ही मुलगी म्हणजे शशिकला जवळकर. पडद्यावर आडनाव गळून नुसती ‘शशिकला’ उरली. सहा दशकांत शंभरावर चित्रपट केलेली आणि त्यातल्या बहुतेकांत नायिका नसलेली ही अभिनेत्री. नायक-नायिकांचे हिशेब आपल्याकडे तोंडपाठ असतात: किती आठवडे चालला, गल्ला किती झाला, मानधन किती घेतलं. सहाय्यक भूमिका करणाऱ्यांचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडायला घेतला की आकडे इतके फुगतात की आपल्याच गणितावर विश्वास बसेनासा होतो. मला तो हिशेब शशिकलांपासून मांडावासा वाटतो, कारण त्या गिरण्यांच्या सोलापुरात ४ ऑगस्ट १९३२ रोजी जन्मल्या, आणि सोलापूरच्या बाहेर हे आता फार थोड्यांना ठाऊक असतं.

घर सुखवस्तू होतं. सहा भावंडं. शशिकला पाच वर्षांच्या असल्यापासून जिल्ह्यातल्या गावोगावी रंगमंचावर नाचत, गात, काम करत. वडिलांनी कमाई धाकट्या भावाच्या विलायतेतल्या शिक्षणावर लावली आणि पुढे धंदा बुडाला. कुटुंब मुंबईला आलं. मुलगी दिसायला चांगली आहे, नाचते-गाते, सिनेमात काम मिळेल, एवढ्याच भरवशावर. काम लगेच मिळालं नाही. लोकांच्या घरी धुणीभांडी करण्याचे दिवस आले. ते दिवस काढत असताना नूरजहाँची नजर या मुलीवर पडली, आणि ‘झीनत’ नूरजहाँच्या पतीचा, शौकत हुसेन रिझवी यांचा होता. दोन वर्षांनी फाळणी झाली, नूरजहाँ आणि रिझवी पाकिस्तानात गेले. पाठीशी उभं असलेलं एकुलतं एक घर देशाबाहेर गेलं आणि शशिकलांना पुन्हा स्टुडिओंचे उंबरे झिजवावे लागले.

आता यंत्राकडे वळू, कारण सगळी जादू तिथे आहे.

पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. सेकंदाला २४ चौकटी म्हणजे दीड फूट, मिनिटाला ९० फूट. तीन तासांचा हिंदी चित्रपट १६,२०० फुटांचा होतो. हजार फुटांच्या सतरा रिळांत तो मावतो आणि त्यात २ लाख ५९ हजार २०० चौकटी असतात. प्रत्येक चौकट भिंगासमोर क्षणभर थांबते, मग झडप पडते, अंधार होतो, पुढची चौकट येते. जुन्या प्रोजेक्टरवर तीन तासांचा सिनेमा पाहताना प्रेक्षक जवळजवळ निम्मा वेळ काळाकुट्ट पडदा पाहत बसलेला असे आणि त्याला ते कळतही नसे. शशिकलांची तिरकी नजर आणि ओठांच्या कोपऱ्यातलं ते छद्मी हसू आपण सलग पाहिलं असं आपल्याला वाटतं. ते तुकड्यातुकड्यांनी आलं, मधल्या अंधारात आपण ते जोडलं.

शंभर चित्रपट आणि प्रत्येकात पडद्यावर सरासरी वीस मिनिटं असं धरू. हा माझा अंदाज आहे, आणि तो मी हात राखूनच करतो आहे. वीस मिनिटांच्या २८,८०० चौकटी. शंभर चित्रपटांच्या २८ लाख ८० हजार. म्हणजे एकाच बाईचे जवळपास एकोणतीस लाख फोटो, एकसारखे दोन नाहीत. फिल्मची लांबी १ लाख ८० हजार फूट, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटर. सोलापुरातून तुळजापूरच्या रस्त्याला ती पट्टी उलगडत गेलं तर देवीच्या पायथ्याशी ती संपणार नाही, आणखी आठ-दहा किलोमीटर पुढे जाईल. आणि हे फक्त एका प्रतीचं झालं. चित्रपटाच्या पन्नास-पन्नास प्रती निघाल्या असं धरलं तर सुमारे दोन हजार साडेसातशे किलोमीटर.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र मन खिन्न करते. शंभर चित्रपटांतली वीस-वीस मिनिटं एकत्र केली तर होतात २,००० मिनिटं. तेहतीस तास आणि वर वीस मिनिटं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने सोलापूर-मुंबई दोनदा जाऊन यायला साधारण तेवढाच वेळ लागतो. साठ वर्षांच्या कारकिर्दीत सव्वापाच लाख तास असतात. म्हणजे आयुष्याच्या दर पावणेसोळा हजार तासांमागे एक तास पडद्यावर आला. बाकीचा काळ रंगभूषेत, प्रतीक्षेत, दुसऱ्याच्या शॉटला थांबण्यात, काम मागण्यात गेला. बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’तली (१९५९) प्रेमळ, खेळकर रमा साकारेपर्यंत शशिकलांना चौदा वर्षं लागली होती. मध्ये शांतारामबापूंचा ‘तीन बत्ती चार रास्ता’ (१९५३) होऊन गेला होता.

मग आला ‘आरती’, १९६२. मीनाकुमारी, अशोक कुमार, प्रदीप कुमार अशी बडी मंडळी. आपल्या रमेश देवांचा हा पहिला हिंदी चित्रपट. शशिकलांच्या वाट्याला आली जसवंती, घरात विष कालवणारी जाऊ. या भूमिकेतलं त्यांचं काम आजही पाहावं. त्या ओरडत नाहीत. दारात उभ्या राहतात, हळूच एक वाक्य टाकतात आणि त्याचा परिणाम पाहायला थांबतात. पुढच्याच वर्षी बी. आर. चोप्रांचा ‘गुमराह’. त्यातली लीला माला सिन्हाला धमकावत राहते, पैसे मागत राहते, आणि शेवटी उलगडा होतो की ती नवऱ्याचीच, अशोक कुमारचीच, सेक्रेटरी आहे. हे कळल्यावर सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला की लक्षात येतं, धमकी देणारी बाई ही तिने वठवलेली भूमिका होती. शशिकला अभिनय करणाऱ्या बाईचा अभिनय करत होत्या. या दोन चित्रपटांसाठी लागोपाठ दोन वर्षं त्यांना फिल्मफेअरचा सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. आणि त्यानंतर खलनायिकेचा शिक्का असा बसला की तो पुसता पुसला जाईना. हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनुपमा’त (१९६६) त्यांची खळखळून हसणारी मैत्रीण लोकांनी पाहिली, पण त्याच वर्षीच्या ‘फूल और पत्थर’मधली बाई लोकांच्या अधिक लक्षात राहिली.

थोड्या मिनिटांत एवढं काम होतं यावर कोणाचा विश्वास नसेल तर इंग्लंडकडे पाहावं. जूडी डेंच यांना ‘शेक्सपिअर इन लव्ह’मधल्या राणी एलिझाबेथसाठी ऑस्कर मिळालं. पडद्यावरचा वेळ सुमारे आठ मिनिटं, म्हणजे जेमतेम साडेअकरा हजार चौकटी. तिकडे त्याचं कौतुक आजही होतं. आपल्याकडे अशा मिनिटांचं मोल पुरस्काराच्या रात्रीपुरतंच राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सोलापूरसारख्या गावात हे चेहरे कसे पोचत ते सांगायला हवं. सिनेमा पेटीतून येई. ‘पेटी आली का?’ हा थिएटरवाल्यांचा रोजचा प्रश्न. कधी एकाच प्रतीवर दोन थिएटरं चालत. इथलं रीळ संपलं की सायकलवरून तिकडे. गिरणीची पाळी सुटली की भागवतच्या थिएटरांपुढे गर्दी. गावाबाहेर जत्रांमधले तंबू, तिथे जमिनीवर बसून पाहणारे लोक. समजा सहाशे खुर्च्यांचं एक थिएटर आहे, दिवसाला तीन खेळ आहेत आणि चित्रपटाने पंचवीस आठवड्यांचा रौप्यमहोत्सव केला. १७५ दिवस, ५२५ खेळ, ३ लाख १५ हजार खुर्च्या. त्या एकाच थिएटरात एका सहाय्यक अभिनेत्रीच्या २८,८०० चौकटी ५२५ वेळा धावल्या, म्हणजे दीड कोटीहून अधिक वेळा तिची छबी पडद्यावर उमटली आणि विझली.

याच्या शेजारी रंगभूमीचा आकडा ठेवून पाहा. प्रशांत दामले यांनी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईच्या षण्मुखानंद सभागृहात १२,५०० वा प्रयोग केला. प्रत्येक प्रयोगाला आठशे खुर्च्या धरल्या तर एक कोटी होतात. त्या एक कोटी खुर्च्यांसाठी माणसाला साडेबारा हजार वेळा स्वतः उभं राहावं लागलं, गाडीचा प्रवास करून, ताप अंगावर काढून. चित्रपटातल्या बाईसाठी तेच काम आपल्या कल्पनेतली बत्तीस थिएटरं एका मोसमात करतील, आणि तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच चित्रपटाच्या सेटवर असेल. नटाच्या कष्टाबद्दल माझा आदर या तुलनेने वाढतोच. फक्त फिल्म नावाच्या वस्तूची ताकद किती अचाट आहे, ते इथे दिसतं.

याच मोजपट्टीवर ललिता पवार ठेवल्या की मोजपट्टी अपुरी पडते. जन्म येवल्याचा, १९१६. पहिलं काम मूकपटात, १९२८ साली. एकूण चित्रपट सातशेच्या घरात. पंधरा-पंधरा मिनिटं धरली तरी १७५ तास: सात दिवस-रात्री न थांबता पाहत राहावं, वर आणखी सात तास. फिल्म २८८ किलोमीटर. आणि यातला फार मोठा भाग १९४२ नंतरचा आहे, म्हणजे ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांची थप्पड जोरात बसून चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला, त्यानंतरचा. नायिकेची कारकीर्द ज्या डोळ्याने संपवली त्याच डोळ्याने कैकेयीच्या दासीला आणि शेकडो सासवांना चेहरा दिला. जगदीश राज यांचा आकडा वेगळ्याच जातीचा: १४४ चित्रपटांत पोलीस अधिकारी, आणि त्याची गिनीज बुकात नोंद.

शशिकला मधल्या काळात सिनेमापासून दूर गेल्या. कोलकात्यात मदर तेरेसांच्या संस्थेत त्यांनी काही वर्षं रुग्णांची आणि निराधारांची सेवा केली. त्या काळाची एकही चौकट आपल्या हिशेबात येत नाही. परतल्यावर ‘कभी खुशी कभी गम’ (२००१), ‘मुझसे शादी करोगी’ (२००४), ‘सोनपरी’सारखी मालिका; २००७ साली पद्मश्री. ४ एप्रिल २०२१ रोजी मुंबईत त्या गेल्या, वयाच्या ८८ व्या वर्षी. पन्नाशी-साठीच्या प्रेक्षकांना ‘आरती’मधली जाऊ आठवली, त्यांच्या मुलांना टीव्हीवरची आजी.

सोलापूरने सहाय्यक भूमिकांचा हा वसा पुढेही चालवला. इथल्या नाट्य आराधना संस्थेत रंगभूमीचे धडे गिरवलेले आणि पुढे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकलेले अतुल कुलकर्णी यांना ‘हे राम’ (२०००) आणि ‘चांदनी बार’ (२००१) यांसाठी सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शशिकलांच्या त्या दोन फिल्मफेअरसारखे हेही दोनच, पण लागोपाठच्या वर्षांचे नाहीत. ‘हे राम’मधला त्यांचा श्रीराम अभ्यंकर फार वेळ पडद्यावर नाही. पण तो चित्रपट तमिळ आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत एकाच वेळी तयार झाला होता. त्यामुळे अभ्यंकरच्या चौकटी मोजायच्या तर प्रत्येक प्रसंग दोनदा मोजावा लागतो.