जुन्या मद्यांची आयात : माप, वय व जकात

विलायती मद्याच्या आयातीचीं बीजकें व जकातीचे कागद ज्या संग्राहकांच्या हातीं येतात, त्यांस त्यांतील आंकडे परस्परविरोधी वाटण्याचा संभव असतो. हे आंकडे कसे वाचावे, हें स्कॉटलंडांतून मुंबईस येणाऱ्या व्हिस्कीच्या उदाहरणानें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम मापाचा विचार करूं. १८२४ च्या कायद्यानें ठरलेला इंपीरियल गॅलन १८२६ पासून प्रचारांत आला; तो सुमारें ४.५४६ लिटरांचा. त्यापूर्वीचा वाइन गॅलन सुमारें ३.७८५ लिटरांचा होता. म्हणून कागदाचें साल पाहिल्यावांचून गॅलनांचा हिशेब करूं नये.

दुसरा भेद तीव्रतेचा. १८१६ सालीं साइक्सचें तीव्रतामापक यंत्र ब्रिटिश कायद्यानें मान्य झालें. त्या मापाचें ‘प्रूफ’ मद्य म्हणजे ज्यांत घनमानानें सुमारें ५७.१ टक्के मद्यार्क आहे तें. ४० टक्क्यांचे १०० गॅलन मद्य भरलें, तर प्रूफ गॅलन सुमारें ७० होतात. बीजकांत १०० व जकातीच्या कागदांत ७० असा आंकडा दिसल्यास लेखकाचा हस्तदोष मानण्याचें कारण नाहीं. दोन्ही आंकडे खरे असूं शकतात. अमेरिकेंत मात्र १०० प्रूफ म्हणजे ५० टक्के, हें ध्यानांत ठेवावें.

आतां वयाचा प्रश्न. मद्याचें वय पिंपांत मोजतात. बाटलींत भरल्यावर तें वाढत नाहीं. १९१५ च्या ब्रिटिश कायद्यानें व्हिस्की व ब्रँडी, मग ती देशी असो वा परदेशी, ठराविक काळ गुदामांत राहिल्यावांचून तेथील विक्रीसाठीं सोडण्यास बंदी केली. ही मुदत आरंभीं दोन व पुढें तीन वर्षें झाली. युरोपीय संघाचा २०१९ चा नियमही व्हिस्कीस ७०० लिटरांहून मोठें नसलेल्या लांकडी पिंपांत किमान तीन वर्षें सांगतो. शिवाय मिश्रणांतील सर्वांत तरुण मद्याचें वय तेंच सगळ्याचें वय धरावें, आणि त्या मुरण्यावर सरकारी करखात्याची किंवा तितकीच भरंवशाची देखरेख असावी, अशी त्याची अट आहे. अनेक हातांनीं लिहिलेली पोथी तिच्या शेवटच्या हाताहून जुनी म्हणतां येत नाहीं, तसाच हा न्याय आहे. तात्पर्य, वय जिभेनें नव्हे, गुदामाच्या नोंदीनें सिद्ध होतें. आणि ती नोंद मुळांत करवसुलीसाठीं ठेवलेली असते.

राहिला कर. तो मद्यार्काच्या परिमाणावर असला, तर तीन वर्षांच्या व बारा वर्षांच्या मद्यास सारखाच बसतो. किंबहुना पिंपांतून जें उडून गेलें, त्याचा कर वांचतो. किंमतीवर असला, तर मद्य जितकें जुनें व महाग, तितका कर अधिक. ब्रिटिश अमदानींत हिंदुस्थानांत आयात मद्यावर प्रूफ गॅलनमागें कर असे. पुढें तो किंमतीवर आला. २०२१ च्या अर्थसंकल्पानें मूळ जकात ५० टक्के व कृषि-अधिभार १०० टक्के, मिळून १५० टक्के अशी मांडणी केली. याखेरीज राज्यांची परवाना-फी व विक्रीकर निराळा.

दर कोणत्या दिवसाचा लावावा, हेंही महत्त्वाचें आहे. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १५ व्या कलमानें, बंधक गुदामांतील मालास तो देशांतील वापरासाठीं सोडविण्याचें पत्रक दाखल करण्याच्या दिवसाचा दर लागतो. माल बंदरांत उतरल्या दिवसाचा नव्हे. ७० व्या कलमानें पिंपांतील मद्याच्या नैसर्गिक तुटीवरील कर माफ होऊं शकतो. २४ जुलै २०२५ रोजीं भारत व ब्रिटन यांच्यांत सही झालेल्या करारांत व्हिस्कीवरील १५० टक्के प्रथम ७५ वर व दहाव्या वर्षीं ४० वर आणण्याचें ठरलें आहे. अशा संधिकाळीं एकाच जहाजानें आलेल्या दोन पिंपांवर निरनिराळा कर दिसला, तर नवल नाहीं.

यावरून संग्राहकांस आमची सूचना एवढीच कीं, मुख्य बीजक ठेवून गुदामाच्या चिठ्ठ्या, तुटीचीं पत्रकें व वयाचे दाखले क्षुल्लक म्हणून टाकूं नयेत, किंवा निरनिराळ्या बासनांत बांधूं नयेत. बीजक मालाची किंमत सांगतें. त्याचें वय, तीव्रता व कराचा दिवस या चिठ्ठ्याच सांगतात. त्या गेल्या कीं उरलेले आंकडे मुके होतात.