सालवडहून मुंबईदर्शन

सालवडहून मुंबई पाहावयास निघालेली मंडळी पहाटेच बोईसर स्थानक गाठतात. आईच्या पिशवीत तांदळाच्या भाकऱ्या आणि मुलांना खिडकीची जागा, एवढे जमले की प्रवास सुखाचा होतो. २०१३ सालापासून डहाणू रोडपर्यंत लोकलगाड्या धावू लागल्या. वैतरणेची खाडी ओलांडून गाडी विरारला आली, की रुळांलगत घरांची दाटी सुरू होते.

चर्चगेटला उतरून बहुतेक कुटुंबे गेटवे ऑफ इंडिया पाहावयास जातात. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी मुंबईस उतरले. त्या आगमनाचे स्मारक म्हणून ही कमान बांधली गेली. गंमत अशी, की त्या दिवशी बादशहांना दिसली ती केवळ पुठ्ठ्याची प्रतिकृती! पायाचा दगड बसला १९१३ साली. मग समुद्रात भराव घालावा लागला आणि पिवळसर बेसॉल्टची ही सुमारे २६ मीटर उंचीची वास्तू १९२४ साली पुरी झाली.

पुढे चोवीस वर्षांतच निराळा प्रसंग घडला. २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून चालत गेली आणि मायदेशी निघाली. ज्यांच्या राजाच्या गौरवासाठी दरवाजा उभारला, त्यांनाच त्याने निरोप दिला. कमानीसमोर १९६१ पासून अश्वारूढ छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभा आहे.

घारापुरीच्या लेण्यांकडे जाणाऱ्या लाँचीही येथूनच सुटतात. त्यासाठी मात्र निराळा दिवस हवा. सायंकाळी बोईसरची गाडी गाठावयाची असते.