मस्तकाघात, अमेरिकन फुटबॉलमधील

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सर्वाधिक लोकप्रिय असलेल्या अमेरिकन फुटबॉल या खेळात परस्परांवरील धडकांमुळे मेंदूस होणाऱ्या इजा. धक्क्यासरशी कवटीतील मेंदू हिसकला जाऊन त्यातील तंत्रिका तंतू ताणले जातात. शिरस्त्राणाने कवटीचा अस्थिभंग टळतो. हा आतील हिसका मात्र फारसा थांबत नाही. उलट कठीण शिरस्त्राणामुळे निर्धास्त झालेले खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले.

भान हरपण्याइतके तीव्र नसलेले आघातही वर्षानुवर्षे होत राहिल्यास टाऊ नावाचे प्रथिन मेंदूत साचून चिरकारी (दीर्घकालीन) आघातजन्य मस्तिष्कविकार उद्‌भवू शकतो. स्मृतिभ्रंश, चिडखोरपणा व नैराश्य ही त्याच्याशी निगडित लक्षणे होत. मुष्टियोद्ध्यांतील अशा विकाराचे वर्णन हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ मध्येच केले होते. फुटबॉलपटू माइक वेबस्टर २००२ मध्ये मरण पावल्यावर बेनेट ओमालू या विकृतिवैज्ञानिकांना त्यांच्या मेंदूत हा विकार आढळला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॅशनल फुटबॉल लीगच्या १११ दिवंगत खेळाडूंपैकी ११० जणांत तो दिसून आला. तथापि हे मेंदू दान म्हणून मिळालेले होते व लक्षणे दिसलेल्यांची कुटुंबेच अशा दानास अधिक प्रवृत्त होतात. त्यामुळे हे प्रमाण सर्व खेळाडूंना लावणे चुकीचे ठरेल. विकाराचे निश्चित निदान अद्याप मरणोत्तरच होते.

खेळाच्या अस्तित्वाचा प्रश्न पूर्वीही उपस्थित झाला होता. १९०५ च्या हंगामात सु. १८ खेळाडू दगावले. राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण केले आणि १९०६ मध्ये चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळून घोळक्यातील रेटारेटी कमी झाली. खेळ टिकला, इतकेच नव्हे तर अधिक प्रेक्षणीय झाला.

आजचे चित्र दुहेरी आहे. माध्यमिक शाळांतील अकरा जणांच्या संघांत खेळणाऱ्यांची संख्या २००८-०९ मधील सु. ११ लक्षांवरून २०१८-१९ मध्ये सु. १० लक्षांवर आली. पुढे ती काहीशी सावरली. याउलट २०२५ चा सुपर बोल सामना अमेरिकेत १२ कोटींहून अधिक प्रेक्षकांनी पाहिला. माजी खेळाडूंच्या दाव्यांतील, २०१५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीपोटी १ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यावी लागूनही लीगचे वैभव ओसरले नाही. तेव्हा धोका प्रेक्षक दुरावण्याचा नसून पालकांनी मुलांना मैदानावर न पाठविण्याचा आहे. अंगावर धडक न देता कमरेची पट्टी ओढून प्रतिस्पर्ध्यास अडविण्याचा ‘फ्लॅग फुटबॉल’ हा प्रकार २०२८ च्या लॉस अँजेल्स ऑलिंपिकसाठी स्वीकारण्यात आला आहे.